सातव्या विहिरीची चव

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला मान असतो, विकणाऱ्याला कमिशन असतं. पण लिहिलेलं सॉफ्टवेअर बांधून, त्याचं नीट पॅकेज करून गिऱ्हाइकाच्या मशीनवर उतरवून देणारा जो माणूस असतो, त्याचं नाव शेजारच्या टेबलावरच्यालाही धड ठाऊक नसतं. मस्कतच्या बौशर भागात, एका मॉलमागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, धनंजय हे काम नऊ वर्षं करत होता. लांज्याहून आई फोनवर विचारायची, की तू तिथे नेमकं करतोस तरी काय. तो सांगायचा, "सामानाची बांधाबांध." तिला ते पटायचं. आपला मुलगा मस्कतला मोठ्या गोदामात आहे असं तिनं वाडीभर सांगून ठेवलं होतं.

कंपनीचं सॉफ्टवेअर एकच, 'साकिया' नावाचं. ओमानच्या बातिना किनाऱ्यावरच्या मळ्यांत कुठल्या विहिरीचा पंप कधी सुरू करायचा, किती वेळ चालवायचा, हे ते बघायचं. दोन-तीन वर्षांनी त्याची नवी आवृत्ती निघायची आणि धनंजयचा हंगाम सुरू व्हायचा. जुन्या फाइलींची यादी एका हाताला, नवी दुसऱ्या हाताला. नव्याने आलेल्या फाइली पॅकेजात घालायच्या, बदललेल्या बदलायच्या, आणि ज्या नव्या यादीत नाहीत त्या गिऱ्हाइकाच्या मशीनवरून काढून टाका अशी ओळ इन्स्टॉलरमध्ये लिहायची. नव्या फाइलींचं ऑफिसात कौतुक होई, बदललेल्यांवर वाद होत. काढलेल्या फाइलींची चौकशी करायला मात्र कुत्रंही फिरकत नसे.

हे काम त्याला शिकवलं रामकृष्ण काकांनी. काका कुडाळचे, रिटायर होऊन दोन वर्षांपूर्वी गावी परतले. माणूस हळू बोलायचा, हळू चालायचा आणि हळू जेवायचा, त्यामुळे तरुण पोरं त्याच्यावर वैतागायची. त्याचं एक सांगणं धनंजयच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, म्हणजे निदान तसं त्याला वाटत होतं. "फाइल बदलायची असली ना, तर इन्स्टॉलर आधी बघतो," काका म्हणायचे, "गिऱ्हाइकानं तिला हात लावलाय असं दिसलं, तर तो ती तशीच ठेवतो. काढताना तो बघत नाही. तेव्हा तू बघ."

काकांची दुसरी एक खोड होती. इन्स्टॉलर ज्या फाइली काढतो त्या तो लगेच टाकून देत नाही. काम पुरं होईपर्यंत त्या मशीनच्या एका लपलेल्या कोपऱ्यात ठेवतो, आणि शेवटचं 'फिनिश' आलं की मगच तो कोपरा रिकामा करतो. मध्येच काम थांबवलं तर सगळं होतं तिथे परत ठेवतो. या सोयीपायी जुनाट मशीनवर दहा-पंधरा मिनिटं जादा जातात. धनंजयनं ती बंद करायचं सुचवलं तेव्हा काकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं होतं. "वाचलेल्या दहा मिनिटांत तू काय करणार आहेस? चहाच पिणार ना?" काका गेले, त्यांची खुर्ची गेली, कपाटातला त्यांचा आमसुलांचा डबाही गेला. ती सोय तेवढी तशीच राहिली. आळस म्हणा, धाक म्हणा, धनंजयनं तिला हात लावला नव्हता.

या वेळच्या यादीत काढायच्या फाइली सतरा होत्या. त्यांतल्या बारा म्हणजे विहिरींचे जुने फॉर्म. पूर्वी प्रत्येक मळ्याला बारा कोरे फॉर्म दिले जात, एका विहिरीला एक. आता सगळ्या विहिरींना मिळून एकच मोठी वही झाली होती. चालू विहिरींची माहिती आपोआप त्या वहीत जाणार होती.

"आणि बंद विहिरींचं?" धनंजयनं प्रोग्राम लिहिणाऱ्या कौशिकला विचारलं होतं.

"बंद आहेत ना? मग खलास," कौशिक म्हणाला होता.

धनंजयनं आपल्या मशीनवरचा एक फॉर्म उघडून पाहिला. कोरा, दोन केबीचा, खाली शेऱ्यासाठी एक रिकामी चौकट. त्यानं बाराच्या बारा फाइली काढायच्या यादीत टाकल्या आणि डबा उघडून पोळीभाजी खाल्ली.

मळ्यांवर इंटरनेटचा भरवसा नसल्यानं पेनड्राइव्ह घेऊन स्वतः जावं लागे. नऊ मळे झाले. सगळीकडे काम सुरळीत झालं, कोणाची तक्रार नाही. गुरुवारी तो दहाव्या मळ्याकडे, खाबुऱ्याला निघाला. उद्या-परवा सुट्टी होती, त्यामुळे मनही सैल होतं.

बर्का गाव मागे पडलं आणि समुद्रावरून दमट पांढरट हवा रस्त्यावर आली. डोंगर दिसेनासे झाले. खजुरांचे शेंडे अधांतरी उभे असल्यासारखे वाटत होते आणि खाली बुंधे आहेत की नाहीत याची खात्री देता येत नव्हती. अशा हवेत गाडी चालवताना आपण पुढे चाललोय की रस्ताच मागे सरकतोय, असं धनंजयला नेहमी वाटायचं. आज तर त्याला वाटलं, आपण अजून घरी अंथरुणातच आहोत आणि ही खाबुऱ्याची वाट कोणीतरी आपल्याला सांगतंय. खाबुऱ्याच्या गोलावरून, म्हणजे गोल चौकातून, तो समुद्राच्या बाजूला वळला तेव्हा साडेअकरा वाजले होते.

मळा सांभाळणारे जहूरचाचा फाटकातच उभे होते. श्रीवर्धनचे, साठी ओलांडलेले, कमरेला लुंगी आणि वर मळ्याच्या नावाचा विटलेला टी-शर्ट. मळ्याचा मालक, म्हणजे अर्बाब, पस्तिशीचा अम्मार, सोहारला अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात नोकरीला होता आणि आठवड्याला एकदा येई. बाकीचे सहा दिवस मळा जहूरचाचांचा.

"या, इंजिनीयरसाहेब," ते म्हणाले. "बऱ्या दिवशी आलात. आज दुपारी, अस्रच्या नमाजानंतर अर्बाब येतोय. आज माझा निकाल हाय."

"कसला निकाल?"

चाचा त्याला पंपाच्या खोलीकडे नेता नेता बोलत राहिले. मळ्यात विहिरी बारा, त्यांतल्या पाच बंद. समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत सरकत आलं आणि एकेक विहीर बिघडत गेली. सातवी सगळ्यांत जुनी, अम्मारच्या वडिलांनी खणलेली, तिच्याभोवती लिंबांची दोनशे झाडं. तीन वर्षांपूर्वी तीही बंद केली. लिंबांना आता लांबून पाणी आणावं लागतं, ते पुरत नाही. म्हणून अम्मारनं ठरवलं होतं, शनिवारी दगडमातीचा ट्रक आणायचा, सातवी बुजवायची आणि लिंबं उपटून तिथे शेड टाकून भाड्यानं द्यायची.

"आणि मी सांगतंय, विहीर परत गोड होत चाललीय," चाचा म्हणाले. "तिला जरा पडून राहू द्या, अजून एक वर्ष. तो म्हणतो, पुरावा काय? मी म्हटलं, ये गुरुवारी, दाखवतो."

धनंजय "हो ना" म्हणाला. दोन तास गाडी चालवून त्याचे कान बधिर झाले होते, आणि विहिरी खाऱ्या होतात, बंद पडतात, हे नऊ मळ्यांवर नऊदा ऐकून झालं होतं. कोणाचं बोलणं नीट न ऐकता योग्य जागी 'हो ना' म्हणायची कला परदेशात राहून माणसाला लवकर येते.

पंपाच्या खोलीत एक टेबल, त्यावर धुळीनं पिवळं पडलेलं मशीन, भिंतीला बाज लावलेली. बांग झाली तशी चाचा नमाजाला निघाले. "तुमी तुमचं काम करा. मी आलो की जेवू. सुरमई आणलीय."

धनंजयनं पेनड्राइव्ह लावला. कंपनीच्या नियमाप्रमाणे त्यानं आधी 'डेटा' नावाच्या फोल्डरची प्रत काढून घेतली. माहिती ती सगळी त्याच फोल्डरात, असा त्याचा समज. विहिरींचे फॉर्म मात्र जुन्या काळापासून प्रोग्रामच्याच फोल्डरात पडून होते, कंपनीचं सामान म्हणून. आपल्याच सामानाची प्रत कशाला काढायची? त्यानं इन्स्टॉलर सुरू केला. पडद्यावर हिरवी पट्टी आली आणि मुंगीच्या पावलांनी पुढे निघाली. तिच्याखाली काय चाललंय ते बारीक अक्षरांत उमटत होतं. विहीर एक, काढली. विहीर दोन, काढली.

पंखा घरघरत होता. खिडकीबाहेर ती पांढरी हवा अजून तशीच होती आणि तिच्यात लिंबाच्या पानांचा वास मिसळला होता. धनंजय बाजेवर टेकला, फक्त पाठ मोकळी करायला.

तो लिंबांमधून चालत होता. झाडांमध्ये विहिरी होत्या, बारा, एका ओळीत, आणि प्रत्येकीच्या काठावर कोणीतरी बसलं होतं. तो जवळ जाई तसा तो माणूस उठे, विहिरीवर झाकण सरकवी आणि निमूट निघून जाई. धनंजयच्या हातात यादी होती. तो प्रत्येकीपुढे खूण करत होता. सहा झाल्या. सातवीच्या काठावरचा माणूस उठला नाही. तो ओंजळीत पाणी घेऊन बसला होता. धनंजय म्हणाला, चला, उशीर होतोय. माणूस म्हणाला, आधी चाखून तर बघ. तो चष्म्यावरून बघत होता. पाणी बोटांतून गळत होतं, अगदी सावकाश, आणि धनंजयला कळेना की यादी खाली ठेवल्याशिवाय ओंजळ पुढे करायची कशी.

"साहेब, उठा. जेवण थंड होतंय."

चाचांनी खाली चटई टाकली होती. भात, तळलेली सुरमई, आमसुलाचं सार. धनंजय तोंडावर पाणी मारून आला. पट्टी बरीच पुढे गेली होती, बहात्तर टक्के. त्याला झोपेतून पुरती जाग आली नव्हती आणि येऊ नये असंही वाटत होतं.

"हा भात बघा," चाचा म्हणाले. "सातवीच्या पाण्यातला. तीन वर्षांपूर्वी ह्याच पाण्यात भात केला असता तर मीठ टाकायची गरज नव्हती."

"तुम्ही रोज चाखता की काय?"

"रोज. पहाटे, फजरच्या नमाजानंतर. कंपनीनं मीटर दिलेला, तो दुसऱ्या वर्षी बिघडला. मग म्हटलं, अल्लानं जीभ दिलीय तिचा मीटर कधी बिघडतो?" चाचांनी सुरमईचा काटा काढून बाजूला ठेवला. "आठ वर्षं चाखतंय. सुरुवातीला लिहायचो, 'गोड'. मग लिहिलं, 'चहाला चालेल'. मग 'चहा नको, भाताला चालेल'. मग 'भातात मीठ टाकलं नाय'. मग एक दिवस लिहिलं, 'शेळीनं तोंड फिरवलं'. त्या दिवशी बंद केली."

"मग?"

"मग काय, बंद विहीर म्हणून चाखायचं थोडंच सोडायचं? आजारी माणूस काम करत नाय म्हणून आपण त्याची विचारपूस सोडतो का? दीड वर्ष काय फरक नाय. मग एक दिवस शेळी प्यायली. मग शब्द उलटे यायला लागले. 'भातात मीठ टाकलं नाय.' मग 'भाताला चालेल'. गेल्या महिन्यात लिहिलं, 'चहाला चालेल'. आठ वर्षांपूर्वीचा शब्द. लिहून परत दोनदा वाचला, खोटं नाय सांगत."

धनंजयचा घास हातात होता. हा माणूस आपल्याला काहीतरी फार सुंदर सांगतोय एवढं त्याला जाणवलं, आणि ते अजून स्वप्नातच चाललंय असंही वाटलं. "मग हेच दाखवा ना अर्बाबला," तो म्हणाला. "कुठे लिहून ठेवलंय?"

चाचांनी उष्ट्या हाताचं कोपर उचलून टेबलाकडे दाखवलं. "ह्याच्यात. सातवीच्या फॉर्मात खाली चौकट हाय ना, शेरा लिहायची? इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो. पयले थोडे दिवस भिंतीवर कोळशानं लिहायचो, अर्बाबनं चुना मारला. मग म्हटलं कंपूटरात बरं. इथून कुठे जातंय?"

पट्टी एक्क्याण्णववर होती.

धनंजय उठला. पाट असता तर उलटला असता, चटई होती म्हणून वाडगं तेवढं सांडलं. चाचा काहीतरी म्हणाले, ते त्याला ऐकू आलं नाही. ब्याण्णव. बोटांना सुरमईचं तेल लागलं होतं आणि माउस हातातून निसटत होता. त्यानं हात शर्टालाच पुसला. त्र्याण्णव. 'कॅन्सल'वर बाण नेऊन दाबलं. मशीननं विचारलं, खरंच थांबवायचं का? काढताना एका शब्दानं न विचारणारं ते मशीन आता अगदी साळसूदपणे विचारत होतं. त्यानं 'होय' दाबलं. पडदा गोठला. पट्टी पंचाण्णववर उभी राहिली आणि पंखा घरघरत राहिला.

त्याला भीती वाटली. नोकरीची नव्हे, नोकरी कुठेही मिळते. चटईवर हात आखडून बसलेल्या या म्हाताऱ्याच्या आठ वर्षांच्या सकाळी आपण डुलकी काढता काढता पुसल्या, ही भीती होती.

मग पट्टी हलली. मागे. चौऱ्याण्णव, त्र्याण्णव, नव्वद. खाली बारीक अक्षरं उमटू लागली. विहीर बारा, परत ठेवली. विहीर अकरा, परत ठेवली. पट्टी पुढे जाताना जेवढी रेंगाळली होती तेवढीच मागे येतानाही रेंगाळत होती, आणि धनंजय टेबलाच्या कडेला धरून एकेक ओळ वाचत होता. दहा. नऊ. आठ. इथे मशीन बराच वेळ थांबलं. बाहेर कुठेतरी शेळी ओरडली.

विहीर सात, परत ठेवली.

त्यानं पुढच्या सहांची वाट पाहिली, मग प्रोग्रामच्या फोल्डरात जाऊन सातवीचा फॉर्म पाहिला. दोन केबीची फाइल दोनशे केबीची झाली होती. उघडला. चौकटीत खालपर्यंत ओळीच ओळी होत्या, तारीख आणि दोन-चार शब्द, तारीख आणि दोन-चार शब्द.

"काय झालं, साहेब?" चाचा मागे येऊन उभे होते.

खोटं बोलायची सोय होती. मशीन अडकलं म्हणून सांगितलं असतं तर ते चाचांनी ऐकून घेतलं असतं. धनंजय म्हणाला, "चाचा, मी ही फाइल काढून टाकत होतो. बंद विहीर म्हणून. अजून दोन मिनिटं गेली असती तर कायमची गेली असती."

चाचांना ते समजायला वेळ लागला. ते बाजेवर बसले.

"मला विचारलं नाय तुमी?"

"नाही."

"मशीननं पण नाय?"

"ते काढताना विचारत नाही. मी बघायचं असतं. मी बघितलं नाही."

चाचांनी त्या चौकटीकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं, असं धनंजयला वाटलं. पण ते उठले, बाहेर गेले आणि थोड्या वेळानं स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन आले. "चाखा," म्हणाले. "आज सकाळी अर्बाबच्या काळजीनं माझी जीभ जाग्यावर नव्हती. आजचं लिहायचं राहिलंय."

धनंजयनं घोट घेतला. "खारट लागतंय," तो घाबरून म्हणाला.

"तोंडाला कोरड पडलीय तुमच्या. घाबरलं की सगळं खारट लागतं. दुसरा घोट घ्या."

दुसरा घोट गार होता आणि त्याच्या मागे दगडाची पुसटशी चव होती. गोड म्हणण्यासारखं नव्हतं, पण तिसरा घोट घ्यावासा वाटला. त्यानं तसं सांगितलं. चाचा म्हणाले, मग तसंच लिहा. धनंजयनं खुर्ची ओढली, आजची तारीख घातली आणि टाइप केलं: 'तिसरा घोट घ्यावासा वाटतो.' मग फाइलीच्या दोन प्रती काढल्या, एक पेनड्राइव्हवर, एक आपल्या फोनमध्ये.

अम्मार अस्रनंतर आला. पायघोळ पांढऱ्या दिशदाशाला घडी पडू नये म्हणून तो खुर्चीवर न बसता टेबलाला टेकून उभा राहिला. चाचांनी पेला पुढे केला तेव्हा तो हसला. "जहूर, एक दिन का पानी क्या दिखाता है? बारिश हुआ, दो दिन मीठा, फिर खलास."

"एक दिन नहीं, अर्बाब. तीन साल," चाचा म्हणाले आणि वाचू लागले. ते मराठीत वाचत, धनंजय हिंदीत सांगे. दर महिन्यातला एकेक दिवस. शेळीनं तोंड फिरवलं. शेळीनं तोंड फिरवलं. शेळीनं तोंड लावलं. शेळी प्यायली. अम्मार घड्याळ बघत होता, मग बघायचं थांबला. एका ओळीशी चाचा अडखळले आणि ती न वाचताच पुढे गेले.

"ये क्या छोड़ दिया?" अम्मारनं पडद्यावर बोट ठेवलं. त्याला शब्द कळत नव्हते, पण तारीख कळत होती.

ती ओळ धनंजयनं वाचली. "'बडे अर्बाब गेले. आज चाखलं नाय.'" आणि हिंदीत सांगितली.

अम्मार वडील गेल्याच्या त्या तारखेकडे बघत राहिला. "उस दिन किसी ने कुछ नहीं खाया था," तो म्हणाला. मग त्यानं पेला उचलला, थोडं पाणी तोंडात घोळवलं आणि सगळं पिऊन टाकलं. त्याच्या वडिलांनी हे पाणी त्याला लहानपणी पाजलं असेल, पण आता तो बाटलीचं पितो, त्यामुळे त्याला काय आठवलं आणि काय नाही, हे कोणी सांगावं? "ट्रक को मना करता हूँ," तो म्हणाला. "एक साल, जहूर. उसके बाद देखेंगे, इन्शाल्ला."

"रोज लिहून ठेवतो," चाचा म्हणाले. ते हसत होते आणि लुंगीच्या टोकानं डोळे पुसत होते. धनंजयलाही फार बरं वाटलं, इतकं की अम्मारची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत त्याला दुसरं काही सुचलं नाही.

सुचलं ते स्वतःच्या गाडीत बसल्यावर. ऊन कलतं झालं होतं आणि सकाळची ती पांढरी हवा विरून गेली होती. डोंगर, खजूर, खजुरांचे बुंधे, सगळं लख्ख दिसत होतं. खाबुऱ्याच्या गोलाजवळ त्यानं गाडी कडेला घेतली. हा दहावा मळा. आधीच्या नऊ मळ्यांवर पट्टी शंभरपर्यंत गेली होती, 'फिनिश' त्यानं स्वतःच्या बोटानं दाबलं होतं, आणि तो लपलेला कोपरा नऊही मशीनवर रिकामा झाला होता. तक्रार कोणाचीच आली नव्हती. आली नाही म्हणून तो खूश होता.

त्यानं पहिल्या मळ्यावरच्या उस्मानला फोन लावला. सोहारच्या अलीकडचा मळा, उस्मान मूळ दापोलीचा.

"उस्मानभाई, धनंजय बोलतोय. तुमच्या बंद विहिरीच्या फॉर्मात, खाली शेऱ्याची चौकट होती, तिच्यात तुम्ही काही लिहिलं होतं का?"

"होतं की," उस्मान म्हणाला. "तीन नंबरच्या. ती विहीर उपसायला दरवर्षी जी माणसं उतरली, त्यांची नावं आणि गावं. कोण बांगलादेशाचा, कोण आपल्या खेडचा. एक तिथेच गेला बिचारा, त्याचं पण नाव होतं. तुमी येऊन गेल्यावर दिसलं नाय, तेव्हा म्हटलं, बरं झालं, ऑफिसात नेलं. आमच्याकडे कोण सांभाळणार? नीट ठेवलंय ना?"

गोलावरून गाड्या फिरत होत्या. एक मस्कतकडे जायची, एक सोहारकडे.

"नाही," धनंजय म्हणाला. "ऑफिसात नाही नेलं. माझ्या हातून पुसलं गेलं, उस्मानभाई. परत येणार नाही."

 पलीकडून पंपाचा आवाज येत होता.

"तुम्हाला आठवतील तेवढी नावं सांगा," धनंजय म्हणाला. त्यानं डॅशबोर्डवरची पेट्रोलची पावती उलटी केली, मग ती पुरणार नाही हे कळून पॅकेजच्या याद्यांची वही काढली आणि कोरं पान उघडलं. "मी लिहून घेतो. मी तिकडेच येतोय, पण आत्तापासूनच सांगा."

"पयल्या वर्षी," उस्मान म्हणाला आणि थांबला. "पयल्या वर्षी चार जण होते. तिघांची सांगतो. चौथ्याचं नाव त्या चौकटीतच होतं."